तिसऱ्या ओळीचा कंट्रोलर

माईकवर दोनदा टिचकी मारायची, घसा खाकरायचा आणि म्हणायचं, "गप बसा जरा." अख्खं स्टँड गप व्हायचं, आणि हा कंट्रोलर गाडी सोडून भलतंच सांगायचा.

तुम्ही कधी आमच्या गावच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघितली असेल तर त्याला शिव्या दिल्याच असतील. मी तर रोज द्यायचो. चौकशीच्या खिडकीला लागून माझी मोबाईल कव्हरची टपरी. त्याचा भोंगा बरोबर माझ्या डोक्यावर.

"देगलूर गाडी, फलाट तीन," तो सांगायचा. मग थांबायचा. मग,

"कंडक्टर झोपलाय.
वारा कुठंच नाही.
घंटीची दोरी हलते."

बाया एकमेकींकडं बघायच्या. गाडी लागली का गेली, काही कळायचं नाही.

"मामा, काय हे?" मी एकदा विचारलं.

"मामा कुणाचा रे? हायकू हाय ते. दोन ओळी बघायचं, तिसरीला दचकायचं."

"आमी तर तुमच्या आवाजालाच दचकून राहिलो."

"तुला डोळे न्हाईत, माकडा. नुसतं तोंड हाय."

तोंड होतं हे खरं. स्टँडवरच्या सगळ्यांच्या नकला करायचो मी. मॅनेजरची, फळवाल्या चाचीची, हात केला तरी न थांबणाऱ्या ड्रायव्हरची. याची तर लई भारी. मूठ तोंडाशी धरून सुरू करायचो, "गप बसा जरा. कुत्रं आलं. कुत्रं बसलं. कुत्रं उठलं." हमाल हसून हसून लोळायचे. मग तो खिडकीतून चूळ टाकायचा, ती नेमकी माझ्या कव्हरांवर. चुकून, म्हणे.

शेवटी मॅनेजरनं त्याला बजावलं, पुन्हा असलं काही ऐकलं तर माईक काढून घेणार. मग आठ-पंधरा दिवस तो नीट गाड्या सांगत राहिला. चेहरा एरंडेल प्याल्यासारखा. मला लई बरं वाटलं.

आणि एक दिवस साखरपुड्याला निघालेला एक जाडजूड पाव्हणा आला. बिलोलीची गाडी लागली तशी त्यानं आपल्या रिवाजाप्रमाणं खिडकीतून पिशवी आत टाकून सीट धरली, आणि आला चाचीकडं केळी घ्यायला. पिशवीत नवरीची साडी. तेवढ्यात गाडी हलली. कंट्रोलरला खिडकीतून सगळं दिसत होतं. एक हाक मारायची का नाही? यानं माईकवर टिचकी मारली.

"बिलोलीची गाडी निघाली.
खिडकीपाशी बसलीय पिशवी.
मालक केळं सोलतोय."

स्टँड आधी गप झालं, मग खदखदून हसलं. पाव्हणाही हसला. दोन घास खाल्ल्यावर त्याच्या ध्यानात आलं.

मग त्यानं चौकशीच्या खिडकीच्या जाळीवर बुक्क्या घातल्या. मॅनेजर धावत आला. आत कंट्रोलर, बाहेर मी. मॅनेजरला माझा राग जास्त, कारण त्याच्या चालण्याची नक्कल त्यानं स्वतः बघितली होती.

"ह्या नकल्यानंच आत घुसून तुमचा आवाज काढला ना?" तो कंट्रोलरला म्हणला. "हो म्हणा, याची टपरी आजच उचलतो."

कंट्रोलरनं माझ्याकडं बघितलं. नुसतं हो म्हणायचं होतं. माईक वाचला असता, वर माझी कटकट गेली असती. त्याच्या जागी मी असतो तर दोनदा हो म्हणलो असतो.

"ह्यो?" तो म्हणला. "ह्याला कुत्र्याच्या पुढं काय सुचतंय का? माझं हाय ते, साहेब."

माईक गेला. बदली झाली देवणीकडच्या एका फाट्यावर, जिथं नुसती पत्र्याची शेड. तो निघाला त्या दिवशी त्याची गाडी लागली तरी नव्या कंट्रोलरनं सांगितली नाही. चहा पीत बसला होता. मग मीच मूठ तोंडाशी धरली आणि त्याच्या आवाजात ओरडलो, "देवणी गाडी, फलाट दोन!"

त्यानं गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "नाकातून बोलू नको, माकडा!"

गाडी गेली. तिच्या सावलीत एक शेळी बसली होती. सावली गेली, शेळी तिथंच. उन्हात रवंथ करत.

"काय बघून राहिलास?" कव्हर घ्यायला आलेल्या पोरीनं विचारलं.

"काही न्हाई," म्हणलं. "मोबाईल कोणता?"