बागेतल्या डॉक्टरकाकू

बाकावर कुणी एकटं बसलेलं दिसलं की डॉक्टरकाकूंना राहवत नसे. सुती साडीवर लोकरीचा कोट, पायात पांढरे ट्रेनर्स, अशा त्या शेजारी येऊन टेकत आणि विचारत, "हं, काय दुखतंय?" पुण्याहून नोकरीसाठी मी लंडनमधल्या हाउन्सलोला आले, तेव्हा पहिल्याच रविवारी मलाही त्यांनी हेच विचारलं. मी रडलेच. काकूंनी चकलीचा डबा पुढे केला. "खा आधी. रडणं काय, नंतरही येतं."

काकू मूळच्या नागपूरच्या. इथल्या हॉस्पिटलात भूल देण्यात उभी नोकरी झाली. "आयुष्यभर माणसांना झोपवलं, आता जागं करत हिंडते," म्हणायच्या.

आमची बाग जुन्या मंदीच्या काळातली. बेकार माणसांना काम मिळावं म्हणून कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, ती करवून घेतली. मधलं तळं त्या माणसांनी फावड्यांनी खणलं. त्यांतले एक रॉनचे वडील. रॉन म्हणजे काकूंचे बागेतले मित्र. निवृत्त बस ड्रायव्हर, कमालीचे अबोल. "आमचं छान जमतं. तो मधे बोलत नाही," काकू सांगायच्या.

मग तळं गळतं म्हणून ते बुजवून तिथे गाड्यांसाठी पार्किंग करायचं कौन्सिलमध्ये घाटू लागलं. काकूंनी घरोघरी जाऊन माणसं गोळा केली.

"कौन्सिलच्या मीटिंगमध्ये बोलणार कोण?" मी विचारलं.

"रॉन."

"काकू, ते बोलतात कुठे?"

"म्हणूनच. माझं ऐकून कौन्सिल कंटाळलंय."

रॉन उभे राहिले, पण शब्द फुटेना. काकूंनी त्यांचा हात धरला आणि चक्क मराठीत म्हणाल्या, "बोल रे, मी आहे."

रॉन बोलले. वडील कित्येक महिने घरी बसून होते. तळ्याच्या कामावरून पहिल्या दिवशी परतले ते हाताला फोड घेऊन, आणि गात. "त्याआधी मी त्यांना गाताना ऐकलंच नव्हतं."

कौन्सिलने बेत सोडला. तळं बुजलं नाही, दुरुस्त झालं.

पुढे यजमान वारल्यावर काकू बहिणीकडे नागपूरला जायला निघाल्या. त्यांच्या नावाचं बाक बसवू म्हटलं, तर उसळल्या, "ते मेलेल्यांना! मी नागपूरला चाललेय."

निघताना रॉन एवढंच म्हणाले, "आता मी ऐकू कुणाचं?"

काकूंनी चकलीचा डबा त्यांच्या हातात ठेवला.

नंतरच्या एका रविवारी मी रॉनकडे गेले. फोन कानाला लावून ते नुसती मान डोलावत होते.

"रॉन, मान डोलावलेली काकूंना दिसत नाही," मी हळूच म्हटलं.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मला बसायला खुर्ची दाखवली.