डब्याची आत्या

चिवडा खायचा म्हणून मी एकदा आत्यांचा डबा चोरून उघडला. सासुरवाडीचा साखरपुडा होता, पंगतीला उशीर होता, आणि भुकेच्या बाबतीत माझा संयम दोन्ही घराण्यांत प्रसिद्ध आहे. झाकण निघालं, तर आत ओल्या मातीत काळपट गांडुळं वळवळत होती. मी ओरडलो नाही असं मी सांगतो. बाकीचे सगळे वेगळं सांगतात. आत्यांनी माझ्या हातातून डबा घेतला आणि म्हणाल्या, "जरा लांब व्हा, जावईबापू. तुमच्या सेंटानंच मरायची ती."

या माझ्या बायकोच्या थोरल्या आत्या. चाकणच्या अलीकडच्या एका गावात राहायच्या. गावाची बहुतेक जमीन कारखान्यांत गेली. यांच्याकडे घर उरलं, कंपनीतल्या पोरांना भाड्यानं दिलेल्या खोल्या उरल्या, आणि खोल्यांच्या मागं, कंपाउंडला लागून, मेथीचा एक वाफा. भिंतीपलीकडे प्लेटिंगची, म्हणजे लोखंडी भागांवर मुलामा चढवायची, शेड होती. पावसात तिचं फेसाळ पाणी भिंतीखालून वाफ्यात यायचं. आधी मेथी पिवळी पडली, मग गांडुळं नाहीशी झाली. पुढे शेड बंद पडली, तिचे पत्रेसुद्धा कुणी काढून नेले. आत्या खूश झाल्या. चार पावसाळ्यांत माती धुऊन निघेल, तोवर बी म्हणून चार गांडुळं सोडत राहायची, असा त्यांचा हिशेब. डबा तेव्हापासूनचा.

लग्न असो, बारसं असो, डबा पिशवीत असायचाच. दिघीला आमच्याकडे आल्या की पदर खोचून सोसायटीच्या बागेत उकिडव्या बसायच्या. वॉचमनला वाटलं, म्हातारीचं कानातलं हरवलं. तो बिचारा बराच वेळ त्यांच्या शेजारी बसून गवत चाळत होता.

गावी नेलेली गांडुळं मात्र राहायची नाहीत. संध्याकाळी सोडावीत, तर सकाळी ती वाफ्याबाहेरच्या कोब्यावर येऊन सुकलेली. आत्या ती केरसुणीनं लोटायच्या नाहीत, हातानं उचलायच्या. "न्हाई रुचलं त्यांना आपलं घर," एवढंच म्हणायच्या, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा डबा भरायच्या.

मी भोसरीच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो, म्हणजे शहाणपणा दुसऱ्याकडून उसना आणतो. आमच्या लॅबमधल्या मित्राला विचारलं. तो म्हणाला, त्या फेसातली काही रसायनं मोडत नाहीत, कुजत नाहीत. वरचं पाणी वाहून जातं, ती मातीत तशीच राहतात. हे मी मोठ्या ऐटीत आत्यांना सांगितलं. त्या मेथीची जुडी निवडत होत्या, बाजारातून आणलेली. निवडून झाल्यावर म्हणाल्या, "शेण कुजतंय, पाला कुजतोय, उद्या मी बी कुजनार. जे कुजतच न्हाई, त्याला मरान न्हाई, जावईबापू. मग आपली गांडुळं त्याच्या म्होरं किती टिकायची?"

तरी डबा सुटला नाही.

मग त्यांच्या मुलानं, दत्तानं, वाफ्यावर दोन खोल्या काढायचं ठरवलं. तसं वावगं काही नव्हतं. तिथं गवतही धड येत नव्हतं. पण आत्या हटून बसल्या. शेवटी दत्ता चेष्टेत म्हणाला, "आई, दिवाळीपर्यंत त्यात एक जितं गांडूळ दाखव. आईशप्पत, वीटसुद्धा लावणार नाही."

दत्तानं चेष्टा केली, आत्यांनी शब्द धरला. रोज सकाळी खुरपं घेऊन बसायला लागल्या.

ते काही मला बघवेना. गांडूळखतवाल्याकडून मी पिशवीभर गांडुळं आणली आणि दिवाळीच्या तोंडावर, आत्या आंघोळीला गेल्या असताना, वाफ्यात पुरून ठेवली. मग वाफ्याबाहेरच्या कोब्यावर निरागस चेहऱ्यानं चहा पीत बसलो. बायको म्हणते, हा चेहरा मला जमत नाही.

आत्यांनी खुरपं घातलं आणि थबकल्या. तळहातावर एक गांडूळ घेतलं. त्यांचा चेहरा असा उजळला की मी कप खाली ठेवला. दत्ता खोल्यांच्या पुढंच गाडी पुसत होता. एक हाक मारली असती तर वाफा वाचला असता. गांडूळ काळं की लाल, हे त्याला कुठलं कळतंय.

आत्यांनी हाक मारली नाही. माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "ही तांबडी. खतातली हायेत. तुमी सोडली व्हय?"

मी मान हलवली.

"माया हाय तुमची. पर आत्ताच्या आत्ता काढा सगळी. उद्या सकाळी मला ती कोब्यावर बघायची न्हाईत."

आम्ही दोघांनी मिळून ती हुडकून काढली आणि डब्यात भरली. डबा माझ्या स्कूटरच्या डिकीत ठेवून आत्या दत्ताकडे गेल्या. "बांध बाबा," म्हणाल्या.

दिवाळीनंतर वाफ्यावर काँक्रीट पडलं. दोन खोल्या झाल्या, त्यांत लातूरकडची पोरं राहायला आली. आत्या त्यांना प्रेमानं भाकरी द्यायच्या, पण घराच्या मागच्या बाजूला पुन्हा गेल्या नाहीत. पुढच्या पावसाळ्याआधी त्या वारल्या.

डबा आमच्याकडेच राहिला. बायकोनं तो घासून फडताळात ठेवला, चिवडा मात्र त्यात कधी भरला नाही. आमच्या सोसायटीनंही यंदा बाग काढून पार्किंग केलं, सगळीकडे फरशा बसवल्या. परवा सकाळी ऑफिसला निघालो, तर रात्रीच्या पावसानं त्या फरशांवर एक काळपट, लांब गांडूळ आलेलं. मी वर जाऊन डबा आणला, गुडघे मोडत कसाबसा बसलो आणि ते उचललं. मग डबा हातात धरून तसाच उभा राहिलो.

बायको गॅलरीतून बघत होती. म्हणाली, "अहो, उचललंत खरं. आता नेणार कुठे?"