मोडेमकाका आणि मीटरचं कपाट

कुणाच्याही घरी गेले की मोडेमकाका आधी वायफायचा डबा कुठे ठेवलाय ते बघत, यजमानांकडे नंतर. करोनाच्या काळात घरात शिरणं अवघड झालं, तेव्हा ते परदेशातल्या झुइडओस्ट या उपनगरातल्या आमच्या इमारतीच्या गॅलरीत दीड मीटर अंतर राखून उभे राहत आणि लोकांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडत, "अहो, टीव्हीच्या मागून काढा त्याला! गुदमरतोय तो!"

मी त्यांच्याकडे मागची खोली भाड्याने घेऊन राहत होते. मास्टर्सचं शेवटचं सत्र होतं. खोलीतलं वायफाय सारखं तुटे, पण मी बोलत नसे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. मिळेल त्यात भागवायचं, एवढंच मला येत होतं. सरावाच्या ऑनलाइन सादरीकरणात प्राध्यापकांसमोर माझा आवाज तीनदा गेला आणि काकूंनी मला रडताना पाहिलं. खरं सादरीकरण दहा दिवसांवर होतं. त्यावर पदवी अवलंबून होती, आणि गावाहून आई-बाबाही ते बघणार होते.

"इतके महिने बोलायचं नाही का गं?" काका रागावले आणि लगेच शिकवायला बसले. "मोडेम म्हणजे रस्त्यावरून घरात येणारी पाण्याची पाइपलाइन. राउटर म्हणजे घरातले नळ. कंपनी दोन्ही एकाच डब्यात घालून देते. आपण वेगवेगळे घ्यायचे. नळ बिघडला म्हणून कुणी पाइपलाइन उखडतं का?" आता ग्राहकाला स्वतःचा मोडेम लावता येतो हे कळल्यापासून त्यांच्या अंगात लग्नघरातला उत्साह संचारला होता.

"काका, तुम्ही सांगाल तो घेऊ," मी म्हणाले.

"मी सांगणारच नाही. तू वाचायचं, तू ठरवायचं आणि मला पटवायचं."

तीन संध्याकाळी मी वाचत बसले. कंपनीच्या मान्य यादीतला मोडेम सापडला. राउटर मी साधा निवडला. काकांचा जीव मात्र आठ अँटेनांच्या एका राउटरवर जडला होता. मी चाचरत म्हटलं, "तीन खोल्यांना एवढा कशाला, काका?" त्यांनी फोनवर उघडलेला त्याचा फोटो बंद केला. मग पडेल आवाजात म्हणाले, "पटलं."

मोडेमची नोंदणी करायला फोनही त्यांनी मलाच करायला लावला. मोडेमच्या तळाचा क्रमांक मी अडखळत दोनदा वाचला. समोर काका दोन्ही अंगठे वर करून उभे होते.

दाराजवळच्या मीटरच्या कपाटात, जिथे इंटरनेटची तार घरात येते तिथे, काकांनी स्वतः सगळं बसवलं. बैठकीच्या खोलीत झकास चाललं. माझ्या खोलीत पुन्हा तेच! सादरीकरण परवावर आलेलं.

"माझी निवड चुकली," मी म्हणाले.

काका हातातल्या फोनवर सिग्नल बघत पॅसेजमधून चालत गेले आणि त्यांनी कपाट उघडलं. लॉकडाऊनच्या धास्तीने भरलेले डाळ-तांदळाचे स्टीलचे डबे राउटरसमोर भिंतीसारखे रचलेले होते.

"स्टील! सिग्नल अडवणारं स्टील, माझ्याच घरात!"

"तुम्हीच तर परत लावलेत, जागच्या जागी म्हणून," काकू म्हणाल्या. "साऱ्या इमारतीला ओरडता ना? आता जा गॅलरीत आणि ओरडा स्वतःला."

काका खरंच गॅलरीत गेले आणि आमच्याच खिडकीतून गरजले, "अहो, डबे काढा ते!" मग आत येऊन मला हळूच म्हणाले, "तुझी निवड बरोबर होती. मांडणी माझी चुकली."

सादरीकरण एकदाही तुटलं नाही. पूर्ण तासभर काका कपाटासमोर स्टूल टाकून पहाऱ्याला बसले होते. शेवटी फोनवर बाबा म्हणाले, "सगळं ऐकू आलं. समजलं काहीच नाही." पॅसेजमधून काकांचं हसू ऐकू आलं.

पुढच्या वर्षी काका-काकू कायमचे पुण्याला परतले. डबे त्यांनी नेले, राउटर मला दिला. परवा ऑफिसात माझ्या साहेबांनी दोन कामं समोर ठेवली आणि विचारलं, कुठलं घेशील? "तुम्ही सांगाल ते" अगदी ओठांवर आलं होतं. मी तीन संध्याकाळी मागून घेतल्या.