काकूची झाडं, काकांचं पाणी

माझे काका प्लंबर. शेकडो घरांची गळती त्यांनी थांबवली, पण स्वतःच्या भित्रेपणावर त्यांच्या पेटीत वॉशर नव्हता. लिफ्टमध्ये ते कधी चढले नाहीत. पाचव्या मजल्यावरचा नळ गळत असला तर पेटी घेऊन जिने चढायचे आणि वर पोचल्यावर आधी स्वतःच पाणी मागायचे. आम्ही पुतण्या त्यांची यथेच्छ टिंगल करायचो. काकू मात्र कधी हसली नाही. "घाबरतात, पण काम सोडून पळत नाहीत," म्हणायची.

काकूचा जीव तिच्या खिडकीतल्या झाडांवर. वीतभर उंचीची, फुलं नाहीत, फळं नाहीत, नुसती पानं. एकाची पानं कलिंगडाच्या सालीसारखी पट्ट्यापट्ट्यांची, एकाची कडेने गुलाबी, एकाची इतकी जाड की कापली तर चावता येतील असं वाटावं. जाळीच्या पडद्याआड ती सुखात असत. "यांना लाड सोसत नाहीत," काकू सांगायची. "पान जाड आहे ना, त्यात पाणी साठवतं ते. माती वरून सुकली, आत सुकली, की मग द्यायचं. माया उतू जायला लागली तर ओल्या फडक्याने पानं पुसा, पण पाणी नको." मी एक झाड नेऊन पाण्याने मारलं, तेव्हा तिने मला दुसरं दिलं नाही.

मग एकदा बाजारातून येताना काकू जिन्यातच बसली. श्वास पुरेना. पावलं चपलेत मावेनाशी सुजली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, अंगात पाणी साठतंय. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. ते पळून कुठे गेलं हे आम्हाला नंतर समजलं.

ते दिवसभर इस्पितळात काकूच्या उशाशी बसायचे आणि औषधाच्या नळीतला थेंब पडतोय ना, ते बघत राहायचे. यंत्र जरा वेगळं वाजलं की नर्सला हाक. नर्स वैतागायची, आणि खरं सांगायचं तर मीही वैतागायचे, कारण त्यांचं बघून माझ्याही काळजात धस्स व्हायचं. संध्याकाळी मी त्यांना घरी पाठवायचे. रिकाम्या घरात करायचं काय? ते झाडांना पाणी घालायचे. सकाळी निघतानाही घालायचे. डॉक्टर काही वाईट बोलले तर दोनदा घालायचे.

काकू घरी आली ती थेट खिडकीशी. पट्ट्यांचं झाड बुंध्याशी काळं पडून लोळलं होतं. गुलाबी कडेचं हात लावताच मुळासकट हातात आलं. कुंड्यांना आंबट वास येत होता. फक्त जाड पानांचं एक तेवढं तग धरून होतं.

"अति तिथे माती म्हणतात," काकू म्हणाली, "तुम्ही तर मातीचाही चिखल केलात हो."

काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

त्यात डॉक्टरांनी काकूला पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं. दिवसाला एक बाटली, चहा-दूध सगळं त्यातच धरून. जास्त झालं तर पुन्हा श्वास कोंडेल, आणि या खेपेला हृदयाला ते झेपेल याची खात्री नाही, असं त्यांनी काकांना बाहेर बोलावून सांगितलं. काका तेव्हापासून जीव मुठीत धरून वावरत होते. दिवसातून कितीदा तरी काकूच्या नडगीवर अंगठा दाबून बघायचे, खळगा राहतोय का, म्हणजे पाणी साठतंय का. ती झोपली की तिच्या नाकाशी कान नेऊन बसायचे. एकदा तिच्या अजिजीने विरघळून त्यांनी अर्धा कप जास्त दिला. दुसऱ्या दिवशी अंगठ्याचा खळगा भरून येईना. काकांची अशी पाचावर धारण बसली की मला त्यांच्यासाठीच डॉक्टर बोलवावा लागतो की काय असं झालं.

सूज उतरली, पण ऊन वाढलं. एका दुपारी मी काकूच्या पायाशी बसले होते. बाटली संपली होती आणि संध्याकाळ लांब होती. काकूचे ओठ सुकून चिरले होते.

"अहो, घोटभर द्या."

"नाही."

"जीभ टाळ्याला चिकटलीय हो. एक घोट."

काकांनी ओलं फडकं आणून तिचे ओठ पुसले. काकूने त्यांचा हात झटकला. असा हात झटकताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"माझ्या झाडांना बादल्या-बादल्या पाजलंत," ती म्हणाली, "आणि मला घोटभर देत नाही?"

मला वाटलं, आता हे देणार. हा माणूस कुणाला कधी नाही म्हणाला नव्हता.

काका तिच्याजवळ खाली बसले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"झाडं मेली ना गं," ते म्हणाले.

काकूने मग पाणी मागितलं नाही. तिने ओठ पुढे केले आणि काकांनी ते पुन्हा पुसले.