कोंबडीबाई आणि त्यांचा मालगुजार

कोंबडीबाई रोज सकाळी सासूला शिव्या घालत. "सासू, भाईर निंग! साऱ्याइचं खाऊन टाकते, लाज नाई वाटे तुले?" लग्न होऊन, मास्तरांची बायको म्हणून, मी आरमोरीजवळच्या त्या खेड्यात नवीनच आले होते. शेजारच्या अंगणातून हे ऐकून माझी बादली हातातच राहिली. चार दिवसांनी कळलं, बाईंची सासू वारून पंधरा वर्षं झाली होती. अंगणातली सासू म्हणजे एक काळी, भांडखोर कोंबडी. तांबडी ती जाऊ, आणि ठिपक्यांच्या दोघी नणंदा.

"जित्या होत्या तवा मले तोंड उघडाची सोय नव्हती," बाई म्हणायच्या. "आता कशा आयकून घेते पाह्य."

नवरा गेलेला, मूलबाळ नाही. सकाळी तलावावर मासोळ्या धरायच्या आणि उरलेला सगळा जीव त्या नऊ कोंबड्यांवर टाकायचा. कोंबडा एकच होता, सोनेरी मानेचा, आणि त्याचं नाव मालगुजार, म्हणजे तिकडचा जमीनदार. "सरकारनं साऱ्याइचे मालगुजार नेले, माहा एकटा राह्यला. काम ना धंदा, नुस्ता मिरवते," असं म्हणत त्याला त्या मूठभर कनकी, म्हणजे तांदळाची चुरी, जास्तच टाकत.

पिल्लांसाठी रानातून वाळवीची ढेकळं आणून अंगणात फोडायच्या. खुडूक कोंबडी बसवायची तर टोपलीत भाताचं तणीस, त्यावर अंडी, आणि अंड्यांत एक लोखंडाचा तुकडा, ढगांच्या गडगडाटानं अंडी नासू नयेत म्हणून. मास्तर म्हणतात असं काही नसतं, असं मी एकदा शहाणपणानं सांगितलं. बाई म्हणाल्या, "मास्तरले म्हना, एक डाव बसून पाह्य अंड्यावर." मास्तरांना हा निरोप मी तंतोतंत पोचवला.

भादव्यात मला हिवतापानं धरलं. मास्तर कुनैन आणायला आरमोरीला गेले, मी बरळत पडलेली. घाबऱ्या झालेल्या बाई धावत मातामायच्या, गावदेवीच्या, ठाण्याशी गेल्या आणि नवस बोलून बसल्या, "मास्तरीन उठून बसू दे माय, माहा कोंबडा तुले कापीन." घरी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपल्याकडे कोंबडा आहे एकच.

मी उठून बसले. विहिरीवरून दोन-दोन घागरी आणू लागले. पण बाईंच्या लेखी मी आजारीच. विहिरीवर कुणी विचारलं की त्या माझ्याकडे बोट दाखवायच्या, "कुठी बरी हाय? तोंड पाहा न कसं उतरलं!" इकडे माझ्या चोळ्या मला दाटू लागल्या होत्या. तलावावर जाताना ठाण्याकडची वाट सोडून त्या लांबून वळसा घालू लागल्या.

शेवटी गावचा पुजारी, त्याला तिकडे भूमक म्हणतात, अंगणात येऊन उभा राहिला. "बाई, माता वाट पाहून राह्यली." बाई दोन दिवस जेवल्या नाहीत. मग त्यांनीच जाऊन भूमकाला विचारलं, "माह्याच्यानं कापनं होत नाई. जिताच सोडू का तिच्या नावानं?" भूमकानं होकार दिला. मालगुजाराला कुंकू लावून ठाण्यावर सोडलं. बाई डोळे पुसत घरी आल्या, तर हा त्यांच्याआधी येऊन छपरावर बसलेला! असं तीनदा झालं. सगळं गाव हसलं. बाई शपथा घेत, "मी नाई बलावलं! त्याच्या पायानं आला!" आणि पदराआडून कनकी टाकत.

भूमक मात्र हसला नाही. देवीला दिलेली चीज घरात राहता कामा नये. होळीपर्यंत कोंबडा कापा, नाहीतर मी येऊन कापतो, असं त्यानं बजावलं. दिवस जवळ येत चालले तशा बाई सासूलाही शिव्या देईनाशा झाल्या. मला सकाळी चुकल्याचुकल्यासारखं होई.

तेवढ्यात मास्तरांची बदली झाली, वैनगंगेपलीकडे. सामान गाडीत चढत असताना बाई मालगुजाराला डालाखाली घालून धापा टाकत आल्या. "तुया जीवासाठी बोलली होती, तं तूच ने. भूमकाले इचारून आली, तो हो म्हन्ते. माह्या घरून गेला म्हंजे झालं. नदी काई त्याले वलांडता येत नाई."

घाटापर्यंत त्या गाडीमागून चालत आल्या. डोळे वाहत होते. मी हात धरला तर म्हणाल्या, "तुयासाठी नाई रडून राह्यली वं मी. कोंबडा चाल्ला माहा."

आम्हाला घेऊन डोंगा सुटला. पाण्यात गुडघाभर शिरून बाई ओरडल्या, "दाना वेळेवर खात जा! उन्हात हिंडू नोको! अन् सांभाळजो रे तिले, मालगुजारा, परमुलखात एकटी हाय ते!"

माझ्या आईनंही मला इतक्या काळजीनं कुणाच्या हवाली केलं नव्हतं.