दोनशे एक्क्याऐंशी वेळा सहा

इटलीतल्या पो नदीच्या मुखाशी वसलेल्या व्हाल्मोराच्या फुटबॉल संघात एर्मेस ताव्हियान बारा वर्षे मधल्या फळीत खेळला. वर्तमानपत्राच्या उपलब्ध अंकांनुसार सामने तीनशे अठरा, गोल तीन; त्यांतला तिसरा वादग्रस्त, कारण चेंडू केवळ त्याच्या गुडघ्याला लागून आत गेला असे दोन वार्ताहर नोंदवतात. सोमवारच्या वर्तमानपत्रात प्रत्येक खेळाडूला दहापैकी गुण मिळत. ताव्हियानला दोनशे एक्क्याऐंशी वेळा सहाच मिळाले. गावाने त्याचे नावच ‘सहा’ पाडले.

आता सदुसष्टाव्या वर्षी तो बोटींची इंजिने दुरुस्त करतो. क्लबच्या शंभरीनिमित्त आजवरच्या सर्वोत्तम अकरा जणांची छायाचित्रे लोरिसच्या बारमध्ये लागणार होती. एर्मेसला त्या भिंतीवर जागा हवी होती, आणि हे त्याने कोणापासून लपवले नव्हते.

“प्रत्येकाने आपल्या आवडत्या खेळाडूचं एकच नाव लिहायचं,” लोरिसने जाहीर केले. “जास्त मतांचे अकरा भिंतीवर.”

“म्हणजे नऊ जण पुढे आणि दोन गोलकीपर,” एर्मेस कॉफी ढवळत म्हणाला. “मधे कोण, तुझी मांजर?”

“दाजी, तुम्हाला एकही मत पडणार नाही, म्हणून ही कुरकुर,” त्याचा मेहुणा ग्वेरिनो म्हणाला.

“नाहीच पडणार. तुझंसुद्धा नाही, आणि तुझी सख्खी बहीण माझ्या घरात आहे. पण आपण संघ निवडतोय ना? मग अकरा नावं लिहून घ्या, जागेसकट.”

“आणि त्यातही तू नसलास तर?” लोरिसने विचारले.

“तर गावाला फुटबॉल कळत नाही. पण गावाला कळतं.”

पंधरा दिवसांत अकरा-अकरा नावांचे चौसष्ट कागद जमले. रविवारी जेवणाआधी लोरिसने ते सर्वांसमक्ष वाचले. आघाडीच्या दोन जागांसाठी एकोणीस नावे निघाली; पहिल्या क्रमांकाला जेमतेम सत्तावीस मते. मधल्या फळीत मात्र कागदामागून कागद तेच नाव येत राहिले. लोरिसने पुन्हा मोजले. ताव्हियान, एकसष्ट.

“एक कागद तुझा दिसतोय, ज्यात मी नाही,” एर्मेस ग्वेरिनोला म्हणाला.

“घाईत राहून गेलं, दाजी.”

“घरी सांगतो, घाईत राहून गेलं म्हणून.”

कोणी तरी पुटपुटले, की एवढी मते पडली तरी हा कोणाचा लाडका नव्हताच. तीस वर्षे संघाचे कपडे धुणारी आर्मिदा कोपऱ्यातून म्हणाली, “याच्या शर्टाला दोनदा साबण लागायचा. गोलवाल्यांचे नुसते झटकले तरी भागायचं.”

अडचण छायाचित्राची आली. छायाचित्रकार नेहमी गोलमागे उभे राहत. क्लबच्या चार खोक्यांत एर्मेसचे एकट्याचे एकही चित्र नव्हते. अखेर एक सापडले: दुसऱ्याच्या गोलचा जल्लोष चाललेला, आणि कडेला एर्मेस, पाठमोरा, आपल्या बाजूच्या अर्ध्या मैदानाकडे परत निघालेला.

“दुसरा फोटो शोधू का?” लोरिसने विचारले.

“हाच लाव. मी तिथेच असायचो,” एर्मेस म्हणाला. “फक्त हा मधे आलेला हात काप. तो त्या गोलवाल्याचा आहे, त्याला भिंतीवर वेगळी जागा मिळालीय.”