कालचाच खडा

चिकटपट्टीचा वास आला की मला लहानपणीचा सदाशिव पेठेतला डोळ्यांचा दवाखाना आठवतो. “अहो, ह्या वयात मेंदू न वापरलेले मज्जातंतूंचे जोड तोडून टाकतो. हिच्या अधू डाव्या डोळ्याचे जोड तुटायच्या आत त्याला कामाला लावा,” असं आईला सांगून डॉक्टरांनी माझ्या चांगल्या, उजव्या डोळ्यावर पट्टी चिकटवली. मग रोज दुपारी आई मला तांदूळ निवडायला बसवायची. सगळं धुरकट दिसायचं, मी रडकुंडीला यायचे. एकदा एक काळा खडा चिमटीत धरून मी म्हटलं, “आई, ह्याच्यावर पांढरी रेघ आहे. हा कालचाच खडा आहे.” निवडलेल्या तांदळात रोज तेच खडे मिसळणारी आई पकडली गेली होती, पण “रेघ दिसली तुला?” एवढंच विचारून तिने पदर डोळ्यांना लावला. अजूनही तो वास आला की माझा उजवा डोळा आपोआप मिटतो.